वसईचा वेढा, जेवणाच्या टेबलावर

परवा भाच्याबरोबर घरीच एक युद्धखेळ मांडला. वसईचा वेढा, १७३९. पुठ्ठ्याचा कोट आणि एक सोंगटी म्हणजे शंभर माणसं. तो पोर्तुगीज, मी चिमाजी अप्पा!

वसईच्या कोटाला तीन बाजूंनी पाणी, म्हणून मोर्चे उत्तरेकडून. तटाखाली सुरुंग ठासायचे, खिंडार पाडायचं आणि आत घुसायचं. सुरुंग कधी उडणार ते मात्र फाशावर. माझा दुसरा सुरुंग उशिरा उडाला, तेव्हा माझीच माणसं खिंडारात होती.

"मामा, असला कसला नियम?"

"अरे, त्या मे महिन्यात खरंच असं झालं होतं."

तरी मी लगेच पुढची तुकडी सोडली. विचारसुद्धा केला नाही. शेवटी, तेव्हासारखीच, पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना मानाने जाऊ दिलं.

आवरताना भाच्याने विचारलं, "खरे किती गेले?" म्हटलं, मराठ्यांचे मेलेले-जखमी मिळून सुमारे ५०००. त्याने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे पन्नास सोंगट्या?"

आम्ही मुळात चाळीसच कापल्या होत्या.