टेलिफोनचे देशसंकेतांक : कालनिर्णयाचें एक साधन

अस्सल कागदाचा काळ ठरवितांना आपण शक, मिति, शिक्का, अक्षराचें वळण व कागदाची जात पाहतों. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील कागदांस आणखी एक साधन उपलब्ध आहे. तें म्हणजे छापील शीर्षकांतील टेलिफोनचा देशसंकेतांक. आखाती देशांत नोकरीधंद्यास गेलेल्या रत्नागिरीकडील कुटुंबांच्या दप्तरांत अशा शीर्षकांचे कागद पुष्कळ सांपडतात. त्यांतील बरेच मितीवांचूनचे असतात. म्हणून या साधनाचा येथें थोडा विचार करितों.

सन १८६५ मध्यें पॅरिस येथें स्थापन झालेला तार-संघ हाच पुढें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ झाला. त्याच्या सल्लागार समितीनें १९६४ सालीं जगाचे नऊ विभाग पाडून देशोदेशींचे संकेतांक ठरविले. पहिला अंक विभागाचा. नवव्या विभागांत तुर्कस्तानास ९०, भारतास ९१, पाकिस्तानास ९२, अफगाणिस्तानास ९३, सिलोनास ९४, ब्रह्मदेशास ९५ व इराणास ९८ हे अंक मिळाले. कुवेतचा ९६५ किंवा नेपाळचा ९७७ हे मात्र तीन अंकी. संपूर्ण क्रमांकाच्या लांबीस मर्यादा असल्यानें, जेथें टेलिफोन फार होतील असा अंदाज, तेथें संकेतांक आंखूड दिला. यांत मानपानाचा प्रश्न नव्हता, हिशेब होता.

परंतु संशोधकाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या यादींत १९६४ चा राजकीय नकाशा गोठून राहिला आहे. थिबा राजास १८८५ त पदच्युत करून १८८६ त रत्नागिरीस आणिलें व १९१६ च्या डिसेंबरांत तो येथेंच वारला. त्या काळीं ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. वासुदेव बळवंत फडके १८८३ त ज्या एडनच्या तुरुंगांत वारले, तें एडनही मुंबई इलाख्याखालीं होतें. ब्रह्मदेश व एडन हीं दोन्ही ता. १ एप्रिल १९३७ रोजीं एकाच दिवशीं हिंदुस्थानापासून तोडलीं गेलीं. तें विभाजन आणखी तीस वर्षें लांबतें, तर ९५ हा अंक कदाचित् कोणा दुसऱ्याच देशाच्या वांट्यास गेला असता! एडन पुढें दक्षिण येमेनांत गेलें; त्याचा संकेतांक ९६९. ता. २२ मे १९९० रोजीं दोन्ही येमेन एक झाले, उत्तरेकडील ९६७ कायम राहिला व ९६९ रिकामा पडला. तेव्हां एडनच्या एखाद्या पेढीच्या कागदावर ९६९ दिसल्यास ती छपाई एकीकरणाच्या सुमारापलीकडे ओढतां येत नाहीं. छपाई म्हणण्याचें कारण उघड आहे. व्यापारी मनुष्य उरलेला कागद टाकून देत नसतो. मजकूर मागाहूनचा असूं शकेल.

तोच प्रकार बंगालचा. १९६४ त ढाका पाकिस्तानच्या ९२ खालीं होतें. १९७१ त बांगला देश स्वतंत्र झाला व त्यास पुढें ८८० मिळाला. शेजारी सगळे नवव्या विभागांत असतां हा एकटा आठव्यांत.

संकेतांकावरून सार्वभौमत्व ठरविण्याचा मोह मात्र टाळावा. मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या हाताखालीं होतें. गोवा डिसेंबर १९६१ त मुक्त होऊन भारतांत आलें, त्यामुळें त्यास ९१ च लागू. मकाव १९९९ त चीनकडे गेलें, तरी त्याचा ८५३ कायम आहे. उलट १ हा अंक अमेरिका, कॅनडा व कॅरिबियन समुद्रांतील अनेक बेटें मिळून वापरतात. रशिया व कझाकस्तान यांचा ७ हा सोव्हिएट काळापासून सामायिक आहे.

रत्नागिरीचा देशांतर्गत अंक ०२३५२. परदेशांतून बोलावितांना आरंभींचें शून्य गळून ९१ २३५२ असें होतें. ९१ सह छापलेलें शीर्षक १९६४ पूर्वीचें धरतां येणार नाहीं. पण केवळ त्या अंकावरून तें १९६४ चेंच ठरविणेंही धाडसाचें, कारण यादी झाली म्हणजे गांवोगांव थेट परदेशीं टेलिफोन लागूं लागला असें नाहीं. देशांतल्या देशांत थेट जोडणीसुद्धां कानपूर-लखनौमध्यें १९६० च्या नोव्हेंबरांतच प्रथम सुरू झाली होती.

शीर्षकांतील जिल्ह्याचें नांवही अंकाबरोबर वाचावें. कुडाळच्या पत्त्यापुढें 'जि. रत्नागिरी' असल्यास ती छपाई बहुधा ता. १ मे १९८१ च्या, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होण्याच्या, पूर्वीची. दप्तरें बांधतांना वा छायाचित्रें घेतांना कागदाचा माथा छाटण्याची जी चाल कोठें कोठें आहे, तिनें नेमका हाच पुरावा नाहींसा होतो.