जकातीचा रांजण

पुण्याहून नाशिकाकडे जाणारा रस्ता भोसरी, मोशी व चाकण ओलांडून जुन्नराच्या मुलुखात शिरतो. आज त्याच्या आसपास मोटारींचे कारखाने दिसतात. परंतु मालाची वाहतूक या प्रदेशास नवी नव्हे. जुन्नराच्या पश्चिमेस नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यात जकात टाकावी, असा तो होता, असे परंपरा सांगते. जवळच्याच लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाईघोड्यांची व कार्षापणांची त्यात गणती आहे. वाट तुडविणाऱ्यांनी काय भरले, याचा हिशेब मात्र नाही. दान दगडावर कोरावे आणि कर रांजणात मुका राहावा, हा राजसत्तेचा जुना शिरस्ता दिसतो.

तथापि जकात ही नेहमी खजिन्यासाठीच घेतली जात असे, असे नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास मिठाविषयी जे पत्र लिहिले, ते या दृष्टीने मननीय आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त, संगमेश्वराकडील महाग. तेव्हा व्यापारी बारदेशाकडेच वळणार आणि आपला व्यापार बुडणार, हे ओळखून परक्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा त्यात आहे. संरक्षक जकातीचे तत्त्व आमच्या पिढीने इंग्रजी ग्रंथांतून पाठ केले. ते कोकणातील मिठागरांच्या काठी आधीच व्यवहारात आले होते.

जकात देणाऱ्या रयतेस काय वाटे, हे दप्तरांपेक्षा तमाशाच्या गवळणीत अधिक स्पष्ट उमटले आहे. चाकणच्या पुढे याच रस्त्यावर नारायणगाव लागते; विठाबाई नारायणगावकरांनी ज्याचे नाव गाजविले, ते हे तमासगिरांचे गाव. मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवितात व दाण मागतात; मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. हे हसू निव्वळ चेष्टेचे नव्हे. नाक्यावर गाडी थांबवून उभे राहण्याचा प्रसंग ज्यावर आला असेल, त्याला मावशीचा प्रश्न आपलाच वाटतो: घेणारा तू कोण, आणि घेऊन करणार काय?

हाच प्रश्न पुढे पिंपरी-चिंचवडला पडला. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स येथे आली; मागोमाग मोटारींचे कारखाने उभे राहिले; १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कारखान्यांकडे येणाऱ्या मालावरील जकातीने ही महापालिका आशियातील अत्यंत श्रीमंत म्हणून मिरवू लागली. नाक्यांवरील मालमोटारींच्या रांगा आणि व्यापाऱ्यांचा जाच आम्हीही पाहिला आहे. त्या पद्धतीचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु तो पैसा शहराचा होता. नागरिकास रस्त्यातील खड्डा दाखवून आपल्या नगरसेवकास जाब विचारता येत असे.

१ एप्रिल २०१३ रोजी जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर सुरू होऊन राज्य सरकार महापालिकेस भरपाई देऊ लागले. तीत दरसाल शेकडा ८ वाढ कायद्यानेच ठरविली. व्यापार मोकळा झाला, हे इष्टच होय. परंतु जो आपला पैसा आपण उभारीत नाही, त्याचा आपल्या गरजांवरील शब्द हळूहळू क्षीण होतो. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे या शहराचा कारभार लोकनियुक्त सभागृहावाचून प्रशासकाच्या हाती राहिला आणि त्याविषयी फारसा गलबला झाला नाही, याचे एक कारण आम्हांस येथे दिसते.

रांजण फोडणे सोपे असते. तो भरण्याचा व मोजण्याचा हक्क नागरिकांच्या हाती ठेवणे हेच कठीण. मावशीचा प्रश्न विचारण्यास जागाच उरली नाही, तर गवळण राहील, हसूही राहील. स्वराज्याचा अर्थ मात्र तितका उणा होईल.