इंधन समायोजन, मोटारगाडीतील

पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे प्रमाण संगणकाने स्वतः दुरुस्त करत राहण्याची क्रिया. गॅरेजमध्ये तिला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते आणि धूर शुद्ध करणारा त्रिमार्गी उत्प्रेरक याच प्रमाणाच्या आसपास नीट काम करतो. निष्कास वायूतील ऑक्सिजन लॅम्डा संवेदक हेरतो. बॉश कंपनीचा हा संवेदक 1976 मध्ये प्रथम व्होल्व्होच्या मोटारींत आला. मिश्रण दाट असल्यास तो सुमारे 0.9 व्होल्ट दाखवतो, विरळ असल्यास 0.1 व्होल्ट.

त्यानुसार संगणक इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ सतत कमी-जास्त करतो. ही अल्पकालीन दुरुस्ती. ती एकाच दिशेने टिकली, की तिचा वाटा एंजिनाचा वेग व भार यांनुसार आखलेल्या कोष्टकात जमा होतो. ही दीर्घकालीन दुरुस्ती म्हणजेच एंजिनाचे ‘शिकणे’. शब्द भारदस्त, काम मात्र हिशेबनिसाचे! तुंबलेला इंजेक्टर, हवेची बारीक गळती, इंधनातील बदल, सारे त्यात सामावते. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर दुरुस्ती अधिक इंधनाकडे झुकते. संवेदक तापेपर्यंत दुरुस्तीचे हे चक्र थांबलेले असते. दुरुस्ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर इशाऱ्याचा दिवा लागतो.

अनेक मोटारींत बॅटरी सोडताच दीर्घकालीन दुरुस्तीची नोंद पुसली जाते. त्यामुळे दोष शोधताना ती आधी स्कॅनरवर वाचून घ्यावी.