तालमीतला नवखा

'तालीम' हा शब्द मराठीत अरबीतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ शिकवणे किंवा शिक्षण एवढाच होता. मराठीत मात्र कुस्तीचा हौद असलेल्या वास्तूला तालीम म्हणू लागले आणि नाटकाचा प्रयोग लागण्यापूर्वी नटमंडळी जो सराव करतात, त्यालाही तोच शब्द चिकटला. या दोन्ही ठिकाणी तेच ते रोज करावे लागते, आणि नवख्याला नेमका त्याचाच कंटाळा येतो. महाराष्ट्रातील व्यायामाच्या इतिहासात नामांकित मल्ल, आश्रयदाते संस्थानिक आणि गाजलेल्या लढती यांना भरपूर जागा मिळाली आहे. परंतु अंग आंबलेले असतानाही दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा येणाऱ्या पोराला कोणती व्यवस्था धरून ठेवत असे, हा प्रश्न सहसा विचारला गेलेला नाही. ती व्यवस्था त्या पोराच्या निग्रहावर फारशी अवलंबून नव्हती, असे तालमीच्या रिवाजांकडे पाहता म्हणावे लागते.

तालमीत नव्याने आलेल्या मुलाला कोणी लगेच डाव शिकवीत नसे. त्याच्या हाती प्रथम फावडे येई. हौद म्हणजे कुस्तीसाठी खणून त्यात चाळलेली तांबडी माती भरलेला खड्डा. या मातीत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, काव, कापूर असे पदार्थ मिसळत, ज्यामुळे ती मऊ राही आणि तिच्या उपचारक गुणांवर मल्लांचा विश्वासही असे. पायांखाली दबून घट्ट झालेली ही माती लढतीपूर्वी उकरून मोकळी करावी लागते, आणि हे काम बहुधा धाकट्यांकडे असते. वरवर पाहता ही चाकरी वाटते, परंतु कंबर, खांदे आणि मनगटे यांना ती जे काम देते ते पाहता व्यायामापूर्वीचा व्यायाम म्हणूनच तिच्याकडे पाहिले पाहिजे. शिवाय ज्याने हौद उकरला, त्याला त्या मातीत आपला वाटा आहे असे आपोआप वाटू लागे. त्यानंतर जोर (हात जमिनीवर टेकून छाती खाली नेत पुढे काढण्याचा व्यायाम) आणि बैठका यांची मेहनत सुरू होई, आणि तिची संख्या मुलाच्या हौसेवर न सोडता वस्ताद, म्हणजे तालमीतला गुरू, त्याचा दम पाहून ठरवी. दम राखून थांबवणे हेही वस्तादाचे कसब होते, कारण पहिल्याच आठवड्यात पोटऱ्या धरलेला मुलगा पुन्हा फिरकत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असे.

उमेद टिकवण्याची दुसरी सोय तालमीबाहेर, गावच्या जत्रेत होती. जत्रेच्या मैदानात मोठ्या इनामाच्या जोडी शेवटी लागत, आणि सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी होई, ज्यांचे बक्षीस मूठभर रेवड्या किंवा एखादा नारळ इतकेच असे. 'रेवड्यांवरची कुस्ती' हा शब्दप्रयोग तेथूनच आला. आज त्यात किंचित हेटाळणी ऐकू येते. पण चार महिने माती उकरलेल्या मुलाला गावासमोर शड्डू ठोकण्याची संधी त्या रेवड्यांमुळेच मिळत होती, हे विसरता येत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लविद्येला दिलेला आश्रय आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबागचे गोलाकार मैदान यांचे वर्णन अनेकदा झाले आहे. त्या मैदानाकडे जाणारी पायवाट मात्र अशा जत्रांमधूनच जात होती.

एकोणिसाव्या शतकात ही वाट केवळ पेशेवर मल्लांची राहिली नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले यांनी शारीरिक शिक्षण घेतले. पुढे डेक्कन कॉलेजात दाखल झालेल्या बाळ गंगाधर टिळकांनी प्रकृती तोळामासा असल्यामुळे पहिले वर्ष अभ्यासाची फिकीर न करता व्यायामाला वाहिले. विद्यार्थ्याने वर्षाच्या परीक्षेपेक्षा शरीराला अधिक मानावे, हा हिशेब त्या काळच्या सुशिक्षितांना विचित्रच वाटला असणार.

शतक संपता संपता वस्तादाशिवायचा व्यायाम आला. लंडनमध्ये प्रसिद्धीस आलेले जर्मन बलोपासक यूजेन सँडो यांनी डंबेल, पुस्तके आणि शरीराच्या मापांचे तक्ते यांच्या साहाय्याने घरच्या घरी करायची पद्धत लोकप्रिय केली. (मराठी घरांत त्यांचे नाव आता प्रामुख्याने बिनबाह्यांच्या बनियनला उरले आहे.) या पद्धतीत हौद नव्हता आणि सोबतीही नव्हते; नवख्याला सकाळी उठवणारे केवळ भिंतीवरचा तक्ता आणि आरसा होते.

सातारा भागातील औंध संस्थानचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सँडोपद्धतीच्या मराठी अनुयायांपैकी एक होते, आणि कित्येक वर्षे ती निष्ठेने केल्यानंतर १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार त्यांनी शोधून काढले नाहीत. ते घरोघरच्या उपासनेत पूर्वीपासून होते. त्यांनी केले ते हे, की त्या उपासनेला दहा अवस्थांच्या नेटक्या व्यायामाचे रूप देऊन संस्थानातील शाळांत तो सक्तीचा केला, आणि १९३८ मध्ये लंडनहून निघालेल्या इंग्रजी पुस्तकाद्वारे तो परदेशी वाचकांपर्यंत पोहोचवला. एकट्याने करायच्या व्यायामात सोबतीची जागा कोण घेणार, या अडचणीवर नमस्कारांतच एक जुना उपाय होता: प्रत्येक नमस्काराला सूर्याचे एक नाव, मित्रापासून भास्करापर्यंत बारा. त्यामुळे मोजणी तोंडी राहते, श्वासाला लय मिळते, आणि नावांची ओळ मध्येच तोडणे जिवावर येते. तालीम ही जवळपास सर्वस्वी पुरुषांची जागा होती. माजघरात सतरंजीएवढ्या जागेत होणाऱ्या या व्यायामाचा पुरस्कार पंतप्रतिनिधींनी स्त्रियांसाठीही आवर्जून केला, आणि त्यांच्या कार्याचा हा भाग अधिक मोलाचा मानला पाहिजे.

समूहाचे बळ मात्र पुढच्या पिढीने पुन्हा जवळ केले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) यांनी तालमीचे जोर आणि मल्लखांब कवायतीच्या शिस्तीशी जोडले, तर बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' तयार झाला, ज्यात वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या आकृत्यांसह छापली गेली.

'महाराष्ट्र केसरी'च्या लढती आता माती आणि गादी अशा दोन विभागांत होतात, आणि अनेक तालमींत जुन्या हौदाशेजारी गादी अंथरलेली असते. गादी उकरावी लागत नाही. ती पुसून घेतात. त्यामुळे फावड्याऐवजी नवख्याच्या हाती फडके येते, आणि पूर्वी माती उकरताना जे अंग तापत असे, ते तापवण्यासाठी त्याला आता वेगळा वॉर्मअप करावा लागतो.