फ्लुओराइड, पेयजलातील

पाण्यात विरघळलेला, अल्प प्रमाणात दंतवल्कास दृढ करणारा व अतिरेकाने तेच विद्रूप करणारा फ्लुओरिनाचा आयन (→ फ्लुओरीन). फ्लुओरस्पार, अ‍ॅपेटाइट इ. खनिजांतून तो भूजलात उतरतो; कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील रहिवाशांच्या दातांवर फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यांना आढळलेल्या तपकिरी डागांचे मूळ त्यातच आहे, याचा खुलासा १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल यांच्या जलपृथक्करणाने झाला. भारतीय मानकाने बाटलीबंद पाण्यासाठी लिटरमागे १ मिग्रॅ. ही कमाल मर्यादा मुक्रर केली असली, तरी किमान प्रमाण ठरविलेले नाही. आणि आरओ पद्धतीने शुद्ध केलेल्या पाण्यातून बहुतांश फ्लुओराइड निघून जात असल्याने दंतक्षयप्रतिबंधाचा (→ दंतक्षय) भार मुख्यतः दंतमंजनावर पडतो. याउलट चंद्रपूर, यवतमाळ इ. जिल्ह्यांतील काही गावांत फ्लुओराइड काढून टाकणे हेच निकडीचे असून, त्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी व चुना वापरणारी नलगोंडा पद्धती विकसित केली (→ फ्लुओरोसिस).