दुखणं दहापैकी किती?



आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) घरात, शेतात राबता राबता गाणी रचायच्या. घरच्यांनी ती उतरवून ठेवली, १९५२ साली पुस्तक निघालं. गाणी राहिली. पण जातं ओढून खांदा किती भरून यायचा, हे टिपून ठेवायची रीतच तेव्हा नव्हती.

ताप मोजायला थर्मामीटर आहे, दुखणं मोजायला काटा नाही. ते ज्याचं त्यालाच कळतं. मग मोजायचं कसं? त्यासाठी एक साधी रेघ कामी आली. १९२१ साली अमेरिकेत साहेब लोक कागदावरच्या रेघेवर खूण करून कामगाराचं काम जोखायचे. पुढे हीच रेघ दुखणाऱ्याच्या हातात आली. १९७४ साली इंग्लंडचे डॉक्टर हस्किसन यांनी १० सेंटीमीटरच्या रेघेबद्दल लिहिलं. एका टोकाला 'अजिबात दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'याहून जास्त दुखूच शकत नाही'. खूण रोग्यानंच करायची. शून्य ते दहा आकडे आले. १९८० नंतर लहान मुलांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रंही आली.

वाजवणाऱ्यांना मात्र उशिरा विचारलं गेलं. १९८८ साली अमेरिकेतल्या वाद्यवृंदांची पाहणी छापून आली. २,२१२ कलाकारांनी उत्तरं दिली होती. त्यातले ७६ टक्के म्हणाले, वाजवण्याच्या आड येणारा एक तरी मोठा त्रास आहे. २०१४ साली स्कॉटलंडमध्ये वादकांसाठी खास प्रश्नावली झाली. तिच्यात दोन गोष्टी विचारल्या: किती दुखतं? आणि त्यामुळे वाजवणं किती अडतं?

हे दोन प्रश्न आपल्याही कामाचे आहेत. वहीगायनातला डफवाला, सप्ताहातला पखवाजी, आपल्या भजनी मंडळातली ढोलकीवाली, सगळ्यांचे हात दुखतात. पण दवाखान्यात गेलं की आपण म्हणतो, "काही नाही, थोडं दुखतंय." त्या 'थोडं'वरून डॉक्टरांनी काय ओळखावं?

त्याऐवजी सांगा: "उजवं मनगट, दहापैकी सात. पंधरा दिवस झाले. दुसऱ्या भजनाला ढोलकी खाली ठेवावी लागते."

आपला सात शेजारणीच्या सातशी ताडू नका. आपला आजचा आकडा आपल्याच मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडा. गटाच्या वहीत पैशांचा हिशेब लिहितो, तसा घरच्या कॅलेंडरवर हाही आकडा लिहा. आपलं दुखणं आपणच सांगायचं आहे, मैत्रिणींनो.