वैद्यकाच्या पहिल्या पाठाची भाषा

दिनांक १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे वैद्यकाच्या प्रथम वर्षाची तीन पाठ्यपुस्तके हिंदीतून प्रसिद्ध करण्यात आली. शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन हे त्यांचे विषय. केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते समारंभ झाला आणि अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एकास त्यात स्वभाषेचा विजय दिसला, तर दुसऱ्यास विद्येची हानी दिसली. पुस्तकांतील बहुतेक पारिभाषिक शब्द इंग्रजीच असून केवळ नागरी लिपीत उतरविले आहेत, ह्याची थट्टाही झाली. चार इमलीसारख्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीपासून जुन्या शहरापर्यंत ह्या विषयावर बोलणे झाले नाही असे घर विरळाच. तथापि हा प्रयोग मराठीने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आरंभिला होता, आणि तो कोठे सफल झाला व कोठे खुंटला हे पाहिले तर आजच्या वादास काही आधार मिळेल, असे म्हणणारे फारसे कोणी आम्हांस आढळले नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबई येथे १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन ह्यांच्या देखरेखीखाली देशी वैद्यकशाळा सुरू झाली. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचे होते आणि पुस्तके तर नव्हतीच. तेव्हा शिकविणाऱ्यासच ती तयार करून घ्यावी लागली. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली. कलकत्त्याची तशीच शाळा १८३५ मध्ये मोडून तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे महाविद्यालय उभे राहिले. सहा वर्षांत कोणत्या शाळेचे मोजमाप व्हावे, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो. मात्र त्या वर्षांत युरोपातील रसायनशास्त्र व जीवशास्त्र कोठे होते हे ध्यानात घेतले पाहिजे. वोलरने प्राण्याच्या साहाय्यावाचून प्रयोगशाळेत युरिया बनविला तो १८२८ मध्ये. म्हणजे सजीव पदार्थ आणि निर्जीव पदार्थ ह्यांच्यामधली भिंत ह्या शाळेच्या हयातीतच हादरली. सर्व वनस्पती व प्राणी पेशींचे बनलेले आहेत हा सिद्धान्त श्लायडेन आणि श्वान ह्यांनी १८३८-३९ मध्ये मांडला, तेव्हा शाळा मिटून सहा वर्षे लोटली होती. आज जे शास्त्र आपण वैद्यकाचा पाया म्हणून पहिल्या वर्षी शिकवितो, त्याचा निम्मा भाग अद्याप जन्मास यावयाचा होता.

रसायनशास्त्र मात्र मराठीत लवकर आले. हरि केशवजी पाठारे ह्यांचे रसायनशास्त्रविषयक संवाद १८३७ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ ग्रंथ जेन मार्सेट ह्या इंग्रज बाईंचा, १८०६ चा. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी ह्यांच्या संभाषणातून तो उलगडतो. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा फॅरडे हाच ग्रंथ वाचून रसायनाकडे वळला, हे प्रसिद्धच आहे. विद्वानांसाठी नव्हे, तर नवशिक्यांसाठी लिहिलेले पुस्तक मराठीने प्रथम निवडले, ही निवड आम्हांस फार शहाणपणाची वाटते. प्रश्न विचारणारे मूल पुस्तकातच असले म्हणजे लेखकास अवघड शब्दाच्या आड लपता येत नाही.

आता शब्दांकडे वळू. लव्हॉयझिए ह्याने ज्या वायूस ऑक्सिजन म्हटले त्या नावाचा अर्थ ‘अम्ल उत्पन्न करणारा’ असा. प्रत्येक अम्लात हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. डेव्हीने १८१० मध्ये क्लोरिन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले. मिठाच्या अम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही हे त्यावरून ठरले आणि ते नाव अर्थाने खोटे पडले. बंगालीने ‘अम्लजान’ असा शब्दशः तर्जुमा केला, म्हणजे चुकीचाही तर्जुमा केला. मराठीने ‘प्राणवायू’ म्हटले. ह्यात लव्हॉयझिएचीच दुसरी व अधिक खरी गोष्ट आली आहे. कारण श्वसन म्हणजे मंद ज्वलन होय हे त्याने लाप्लासच्या साहाय्याने, बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून, १७८३ च्या सुमारास दाखविले होते. परंतु मराठी शब्दासही एक अडचण आहे. आयुर्वेदात प्राण, अपान, व्यान, उदान व समान असे पाच वायू. त्यांतील प्राणवायू हा हवेचा घटक नसून देहातील एक व्यापार आहे. वैद्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्यास एकाच शब्दात दोन शास्त्रे भेटत, आणि शिक्षकाने सांगितल्यावाचून ती निराळी करण्यास त्यास मार्ग नव्हता.

ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले ते इंग्रजीतून. १८५१ मध्ये त्याचे पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे त्यांतील दोघे. १८६० च्या दशकात ह्याच महाविद्यालयात देशी भाषांतील वर्ग जोडण्यात आले. डॉ. सखाराम अर्जुन राऊत (१८३९-१८८५) हे ह्या परंपरेतील ठळक पुरुष होत. त्यांनी मराठीत वैद्यकाचे ग्रंथ लिहिले, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविले, मुंबईच्या औषधिद्रव्यांची सूची १८७९ मध्ये सिद्ध केली आणि १८८३ मध्ये मुंबईची निसर्गेतिहास संस्था स्थापन करणाऱ्या आठ जणांत ते एक होते. पुढे लंडनहून वैद्यक शिकून आलेल्या रखमाबाई ह्यांच्याच घरी वाढल्या. वनस्पती, रसायन व रुग्ण ही तिन्ही ज्याच्या हाताखालून गेली आहेत असा ग्रंथकार मराठीस तेव्हा लाभला होता.

मग हे खुंटले कोठे? भाषा अपुरी पडली, असे सरसकट म्हटले जाते; ते आम्हांस मान्य नाही. मराठी वर्गातून निघणारा विद्यार्थी हॉस्पिटल असिस्टंट होत असे, पदवीधर डॉक्टर होत नसे. १८७८ मध्ये पुण्यास निघालेल्या वैद्यकीय शाळेचे कामही ह्याच खालच्या पायरीचे होते. तिचे महाविद्यालय झाले ते १९४६ मध्ये. ज्या भाषेतून शिकल्याने माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहतो, त्या भाषेतील ग्रंथांची दुसरी-तिसरी आवृत्ती कोण काढणार? शास्त्र पुढे जात राहिले आणि ग्रंथ जागच्या जागी जुने झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) ह्यांनी रसायनावर मराठीत निष्ठेने लिहिले, परंतु त्यांच्या वाचकापुढेही परीक्षेची वाट इंग्रजीचीच होती. निजामाच्या राज्यात तर १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण दिले, आणि मराठवाड्यातील कित्येक मराठी मुलांनी शास्त्राचे शब्द उर्दूतून घोकले.

जुन्या मध्यप्रांताची गोष्ट भोपाळकरांस अधिक जवळची आहे. नागपूर राजधानी असताना हिंदी व मराठी दोहोंस उपयोगी पडावी म्हणून डॉ. रघुवीर ह्यांनी संस्कृत धातूंवर परिभाषा रचली. ऑक्सिजन म्हणजे जारक, कार्बन म्हणजे प्रांगार, नायट्रोजन म्हणजे भूयाति. कार्बन डायऑक्साइड झाला ‘प्रांगार द्विजारेय’. रचना तर्कशुद्ध होती ह्यात शंका नाही. एक मूळ शब्द घेतला की संयुगाचे नाव आपोआप तयार व्हावे, ही त्यातील दृष्टी खरोखर रसायनज्ञाची आहे. पण ‘प्राणवायू’ जिभेवर असलेल्या मराठी मुलाने जारक का म्हणावे ह्यास उत्तर नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळास आली, विदर्भ वेगळा झाला आणि दोन भाषांची ही सामाईक परिभाषा मागे पडली.

तिच्यासवे एक सोयही गेली, आणि तिचा तोटा आज मराठी घरातून येऊन येथे परिचारिकेचा, औषधनिर्मितीचा किंवा वैद्यकाचा अभ्यास आरंभणाऱ्या मुलामुलींस होतो. त्यांना अपरिचित शब्दाची भीती नाही. धोका ओळखीच्या शब्दाचा आहे. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा सूक्ष्मतम घटक; हिंदीत त्यास कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे मांसपेशी, जिला मराठी स्नायू म्हणते. हिंदीत स्नायु हा शब्द हाडे जोडणाऱ्या बंधासाठी योजतात आणि बोलण्यात तो मज्जातंतूसाठीही येतो. मूळ पाहू गेल्यास येथे हिंदी सुश्रुताच्या अधिक जवळ आहे. त्याने शरीरात ५०० पेशी व ९०० स्नायू मोजले ते मांसाचे व बंधांचे, आणि मराठीने हे दोन्ही शब्द अर्वाचीन काळी सरकविले. आता ‘स्नायुओं की दुर्बलता’ हे शब्द रुग्णाच्या कागदावर वाचणारी मराठी मुलगी हातापायांचे बळ तपासू लागेल, लिहिणाऱ्याच्या मनात मात्र मज्जातंतू असतील. ‘मज्जा’ ऐकून हिंदी सहाध्यायास हाडातील मगज आठवतो, तर हिला मज्जासंस्था.

काही ठिकाणी मराठी पुढे आहे. हिंदी ग्रंथ ज्यास ‘पीएच’ एवढेच म्हणून सोडतात, त्यास महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांनी ‘सामू’ असा सुटसुटीत शब्द दिला. डॅनिश रसायनज्ञ सोरेनसेन ह्याने ही मापनपद्धती १९०९ मध्ये काढली. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ ह्यांच्या दरम्यान असतो. विद्यार्थी ही संख्या पाठ करतो, पण तिची श्रेणी घातांकी आहे हे विसरतो. सामू ७.४ वरून ७.१ वर येणे हा किरकोळ फरक नव्हे. हायड्रोजन आयनांचे प्रमाण तेथे दुप्पट झालेले असते. हे मराठीत सांगा, हिंदीत सांगा की इंग्रजीत, समजावून सांगितल्यावाचून कळत नाही. प्रथिने, कर्बोदके, विकर, संप्रेरक, जीवनसत्त्व हे शब्द मराठी मुलास शाळेतूनच येतात आणि त्यांतील बरेचसे स्वतःचा अर्थ स्वतः सांगतात. भोपाळच्या वर्गात त्यांच्या जागी प्रोटीन, एंजाइम, हार्मोन बसतात. ही अदलाबदल निरुपद्रवी आहे.

उपद्रव आहे तो सारख्या दिसणाऱ्या आठ-दहा शब्दांचा. पेशी, स्नायू आणि मज्जा हे वर आलेच. मराठी ज्यास बहुधा जठर म्हणते त्यास हिंदी आमाशय म्हणते. रोहिणी आणि नीला ह्यांस धमनी व शिरा. मराठी शिकविणाऱ्या आमच्या सभासदांनी वर्गातील फळ्यावर हे शब्द दोन रकान्यांत लिहावयास एक तासही पुष्कळ होईल.